या चुका टाळा: खेळाडू गायब, कॅरॅक्टर मात्र कामावर

तुमच्या ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरवर ऐंशी जण दिसतायत, पण चॅट तासाभरापासून गप्प आहे. लोखंडाचा भाव घसरत चाललाय, नव्या खेळाडूला खाणीत उभं राहायला जागा नाही, आणि पहाटे तीन वाजताही तीच पंधरा नावं त्याच कोपऱ्यात ठाण मांडून आहेत. असं दिसलं की ॲडमिन लगेच बॉट (माणसाऐवजी कॅरॅक्टर चालवणारे प्रोग्रॅम) पकडायच्या मागे लागतो. माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. समोर माणूस नसताना तुमचा खेळ कमाई देतोच का, हे आधी बघायला हवं. पकडापकडी त्यानंतरची.

हालचाल म्हणजे खेळणं नव्हे

सगळ्यांना पहिला सुचतो तो आयडल टायमर. माइनक्राफ्टच्या सर्व्हर सेटिंगमध्ये त्यासाठी एक ओळच आहे: किती मिनिटं हालचाल नसेल तर हाकलायचं तो आकडा टाकायचा, शून्य ठेवलं की सोय बंद. त्याला उत्तर म्हणून खेळाडूंनी पाण्याचे गोल प्रवाह बांधले. कॅरॅक्टर आपोआप गरगर फिरत राहतं आणि टायमरला वाटतं, गडी जागा आहे. मॅक्रो (बटणं आपोआप दाबणारी सोय) लावणाऱ्याला तर तेवढीही खटपट नको. शेवटी बाहेर फेकला जातो तो दार उघडायला उठलेला साधा खेळाडू. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. भरलेल्या सर्व्हरवर जागा मोकळी करायला टायमर जरूर ठेवा, बॉट थांबवायला त्याचा उपयोग नाही.

याच खेळातला दुसरा बदल बघा. पूर्वी बंदिस्त खोक्यात गळ टाकून, माउसचं बटण दाबून ठेवून लोक रात्रभर मासेमारी करत आणि सकाळी मंतरलेली पुस्तकं गोळा करत. २०२० साली आलेल्या १.१६ आवृत्तीत नियम बदलला: गळाभोवती ५×४×५ ठोकळ्यांएवढी मोकळी जागा नसेल, तर खजिन्याच्या वस्तू मिळणारच नाहीत. मासे मिळत राहिले, मलिदा बंद झाला. त्यासाठी कुणावर बंदी घालावी लागली नाही की कुणाची झडती घ्यावी लागली नाही.

मधेच कोडं टाकणं

कॅप्चा किंवा कोडं टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. रूनस्केपमध्ये यासाठीच अचानक उपटणारे प्रसंग होते: कुणीतरी समोर येऊन प्रश्न विचारणार, नाहीतर तुम्हाला उचलून चक्रव्यूहात टाकणार. बॉट लिहिणाऱ्यांनी प्रत्येक प्रसंगाचं उत्तर स्क्रिप्टमध्ये घातलं. एकदा लिहिलं की कायमचं काम झालं. माणसाला मात्र तोच वैताग दर वेळी नव्याने. पुढे हे प्रसंग सक्तीचे राहिले नाहीत.

विचारायचंच असेल, तर माणसाने माणसाला विचारावं. अल्टिमा ऑनलाइनमध्ये गेम मास्टर खाणीतल्या कॅरॅक्टरशी येऊन बोलत, आणि उत्तर आलं नाही की कारवाई होई. ही पद्धत छोट्या सर्व्हरला आजही परवडते. फक्त ‘आहेस का?’ असं विचारू नका. मडसारख्या मजकुरी खेळांत ‘हो, आहे’ असं आपोआप उत्तर देणारा ट्रिगर लावायला दोन मिनिटं पुरतात. त्यापेक्षा ‘तुझ्या डावीकडे कोण उभं आहे?’ असं काही विचारा. दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा विचारा. समोरचा स्क्रीन रीडर वापरत असेल, तुमची भाषा त्याला जेमतेम येत असेल, किंवा तो चॅट बंद ठेवून खेळत असेल. एका न आलेल्या उत्तरावर निकाल देऊ नये.

लॉगमधला (सर्व्हरच्या नोंदींतला) एकच आकडा बघणं

‘हा चौदा तास सलग खेळला, म्हणजे बॉटच’ हा निष्कर्ष कच्चा आहे. चौदा तास खेळणारी माणसं असतात. (त्यांच्या तब्येतीची काळजी हा वेगळा विषय.) दोन क्लिकमधलं अंतर बघितलं तर जास्त कळतं. साधा ऑटो-क्लिकर बरोबर एक सेकंदाने क्लिक करतो. तो पकडायला डोळेही पुरतात. जरा हुशार मॅक्रो ८०० ते १२०० मिलिसेकंदांमधला कुठलाही आकडा निवडतो. त्याचे हजारभर क्लिक आलेखावर मांडा: ८०० पासून १२०० पर्यंत सपाट पठार दिसेल, आणि दोन्ही टोकांना कडा कापल्यासारख्या. माणसाचा आलेख असा नसतो. एका जागी ढीग, आणि उजवीकडे लांबत जाणारी शेपटी. कारण मधेच शिंक येते, फोन वाजतो, लक्ष उडतं.

तरी हाही पुरावा एकटा वापरायचा नाही. क्लिकचा आलेख, ठरलेलाच मार्ग, वाटेत नवीन अडथळा आल्यावरची वागणूक, कमावलेला माल शेवटी कुठल्या खात्यात जातो, हे सगळं एकत्र ठेवून बघा. त्यातही मालाचा प्रवास सर्वात बोलका. वीस खात्यांतलं सोनं रोज एकाच खात्यात रिकामं होत असेल, तर क्लिक मोजायची फारशी गरज उरत नाही.

सगळ्यांनाच शिक्षा

या चुकीची किंमत सर्वात मोठी. रूनस्केपने २००७ च्या शेवटी आणि २००८ च्या सुरुवातीला, खऱ्या पैशात सोनं विकणाऱ्यांना आवरण्यासाठी खेळाडूंमधली मोकळी देवाणघेवाणच आवळली. मित्राला तलवार भेट द्यायची तरी किमतीची मर्यादा. सोनं विकणाऱ्यांना चाप बसला खरा, पण खेळातला बाजार आणि चढाओढही आटली, आणि खेळाडू खवळले. २०११ मध्ये मतदान घेऊन मोकळा व्यापार परत आणावा लागला. त्याबरोबर बॉटही परतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला त्यांच्यावर तांत्रिक घाव घालावा लागला. व्यापार आवळण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण मर्यादा घालायचीच तर ती नव्या खात्यांपुरती ठेवा. जुन्या, ओळखीच्या खेळाडूला तिची झळ बसायचं कारण नाही.

नुसत्या वेळेसाठी बक्षीस देणं

टीम फोर्ट्रेस २ मध्ये नुसतं खेळात असलं की अधूनमधून वस्तू मिळत. मग काय, खेळ न उघडताच हजेरी लावणारे प्रोग्रॅम आले. २००९ च्या सप्टेंबरमध्ये व्हॉल्व्हने अशा बाहेरच्या प्रोग्रॅममधून मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या आणि ज्यांनी तो वापरला नव्हता त्यांना तेजोवलयासारखी एक टोपी दिली. गंमतशीर होतं, पण मूळ भोक तसंच होतं. पुढे २०१३ मध्ये अट आली की मिळालेली वस्तू खेळाडूने स्वतः ‘बघितली’ म्हटल्याशिवाय पुढची मिळणार नाही. आठवड्याची मर्यादा होतीच. रिकाम्या खुर्चीला पगार द्यायचा थांबवलात, की खुर्चीवर बाहुला बसवायची हौसही आपोआप कमी होते.

मर्यादा लावताना ती कशी मांडता यालाही महत्त्व आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात, फार वेळ खेळलं की अनुभवाचे गुण कमी मिळत. लोक चिडले. मग गणित तसंच ठेवून उलटं मांडलं: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण, इतरांना नेहमीचे. लोक खूश.

नियम धूसर ठेवणं

‘मॅक्रो बंद’ एवढंच लिहिलंत तर हाताच्या दुखण्यामुळे एका बटणावर चार कामं लावणाराही गुन्हेगार ठरतो. नेमकं काय नको ते सांगा. ईव्ह ऑनलाइनने २०१५ च्या सुरुवातीपासून एक की दाबून अनेक खाती एकदम चालवण्यावर बंदी घातली. एकाच माणसाने अनेक खाती ठेवण्यावर नाही. याच्या उलट, ब्लॅक डेझर्टमध्ये खेळाडू उठून गेला तरी मासेमारी चालू राहते आणि ते नियमात बसतं. हाही प्रामाणिक मार्ग आहे: एखादं काम इतकं रटाळ असेल की सगळेच ते यंत्रावर सोडतात, तर ते खेळातच अधिकृत करा, किंवा काढून टाका.

काही नेहमीची लक्षणं

बंदी घातली, दोन आठवड्यांत पुन्हा तेच: नवं खातं फुकट आणि पहिल्याच दिवशी व्यापाराला मोकळं आहे. पकडल्यावर लगेच बंदी घातली आणि बॉट हुशार झाले: त्यांना कशामुळे सापडलो ते कळलं, थोडं थांबून एकदम बरीच खाती बंद करा. बॉट थोडे, पण सर्व्हर धापा टाकतोय: हे शक्य आहे, कारण बॉट झोपत नाहीत. ईव्हच्या २००९ मधल्या मोहिमेत सहा हजारांवर खाती बंद झाली आणि सर्व्हरवरचा भार त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त उतरला.

खेळाडूंच्या तक्रारी सूड उगवायला वापरल्या जात असतील, तर तक्रारीला शिक्षा चिकटवू नका. वॉरक्राफ्टच्या रणांगणात पुरेशा तक्रारी आल्या की खेळाडूवर फक्त एक खूण लागे आणि घड्याळ सुरू होई. लढाईत उतरलं की खूण गेली, नाही उतरलं तर मानाचे गुण (रणांगणातली कमाई) मिळणं बंद.

आणि अपिलासाठी लॉग जपून ठेवा, मूळ निर्णय घेणाऱ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी तो वाचायला द्या. निकाल फिरला तर जप्त केलेला माल, पातळी आणि गिल्डमधली (खेळाडूंच्या गटातली) जागा परत करायची सोय आधीपासून असू द्या. नुसती बंदी उठवून भागत नाही.