जोडीदाराच्या मुलाला कायद्याने दत्तक घेताना

पतीच्या किंवा पत्नीच्या पहिल्या विवाहातील मूल आपल्या घरात वाढत असले, शाळेच्या दाखल्यावर आपले आडनाव लावत असले, तरी केवळ विवाहामुळे आपण त्याचे कायदेशीर पालक होत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये नैसर्गिक पालक ठरवताना सावत्र आई आणि सावत्र वडील स्पष्टपणे वगळले आहेत. हिंदू वारसा कायद्यातही सावत्र वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर सावत्र मुलाला मुलगा म्हणून हिस्सा मिळत नाही. म्हणूनच प्रेमाने स्वीकारलेल्या मुलाला कायद्याचे संरक्षण मिळावे, असे वाटणाऱ्यांनी दत्तकविधान पुढे ढकलू नये.

भारतात यासाठी दोन मार्ग आहेत. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ लागू होतो. त्यात मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी आवश्यक असून, देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र केल्यास दत्तक कायदेशीर असल्याचे न्यायालय गृहीत धरते. मात्र त्याच्या अटी कडक आहेत. वेगळी रूढी नसल्यास मूल १५ वर्षांखालील व अविवाहित असावे लागते आणि दत्तक घेणारा व मूल भिन्नलिंगी असल्यास वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. शिवाय ज्याला स्वतःचा मुलगा हयात आहे, त्याला या कायद्याखाली पत्नीचा मुलगा दत्तक घेता येत नाही, आणि पुनर्विवाहांत ही अडचण वारंवार येते.

अशा वेळी, किंवा कुटुंब अन्य धर्माचे असल्यास, बाल न्याय अधिनियम, २०१५ चा मार्ग घ्यावा. तो सर्व धर्मीयांना खुला असून १८ वर्षांखालील मुलांना लागू होतो. २०२२ च्या दत्तक विनियमांनी सावत्र पालकांसाठी वयाचे निकष आणि दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट शिथिल केली आहे. पती-पत्नीने केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर एकत्र नोंदणी करून कागदपत्रे द्यायची असतात. त्यापुढचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत चालते.

सर्वांत नाजूक प्रश्न दुसऱ्या जन्मदात्या पालकाच्या संमतीचा आहे. त्याचे निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. घटस्फोट झाला असल्यास केवळ हुकूमनामा पुरत नाही, कारण मुलाचा ताबा आईकडे देण्यास मान्यता देणे वेगळे आणि मूल दत्तक देण्यास संमती देणे वेगळे. ही संमती लेखी, स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेली असली पाहिजे. ताब्याचा दावा न्यायालयात प्रलंबित असेल, तर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. मुलाच्या वयानुसार व समजुतीनुसार त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. त्यामुळे कागदपत्रे जमवण्यापूर्वी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, असे मला मनापासून वाटते.

संपत्तीचा विचारही आधीच करावा. दत्तकानंतर दुसऱ्या जन्मदात्या पालकाच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते. वडिलांच्या निधनानंतर मुलाच्या नावे आधीच आलेला हिस्सा त्याच्याकडेच राहतो, परंतु आजोबा हयात असतील, तर त्यांच्याकडून वारसाहक्काने पुढे मिळू शकणारा हिस्सा गमावला जातो. आजोबांनी मृत्युपत्र केल्यास तो त्याला देता येतो.

बाल न्याय अधिनियमाखाली दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेला. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रलंबित प्रकरणांच्या हस्तांतरणाला अंतरिम स्थगिती दिली होती, म्हणून महाराष्ट्रातील पालकांनी अर्ज कोठे करायचा, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारूनच ठरवावे. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

आदेशाच्या अनेक प्रमाणित प्रती घेऊन एक प्रत पोर्टलवर पाठवावी. त्यानंतर आधी जन्मनोंदणी कार्यालयातून नवा जन्मदाखला मिळवावा आणि मगच शाळा, आधार व पारपत्रातील नोंदी बदलून घ्याव्यात.