विदर्भातल्या गावात होम स्टेजिंगची कामं लिंक्डइनवरून फुकटात कशी मिळवायची

होम स्टेजिंग म्हणजे विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घराची साफसफाई, डागडुजी, मांडणी आणि फोटो. हे काम तुम्हाला येतं आणि दोन-चार घरं हातून झाली आहेत, हे धरून पुढचं लिहिलं आहे. एकाही घराचे आधीचे आणि नंतरचे फोटो जवळ नसतील तर आधी नात्यातलं एखादं घर करून द्या. फोटोंशिवाय प्रोफाइल उघडण्यात अर्थ नाही.

मोफत लिंक्डइनबद्दल जो सल्ला सगळीकडे मिळतो तो असा: रोज पोस्ट टाका, हॅशटॅग लावा, पाचशे कनेक्शन करा, शहरातल्या एजंटांना गाठा. मोठ्या शहरात त्याचा काही उपयोग होत असेल. वरुड, आर्वी, दारव्हा, चिमूर अशा गावांत होत नाही, कारण तिथला दलाल लिंक्डइनवर नसतो आणि घर घेणाराही नसतो. लिंक्डइनवर सापडतो तो घराचा मालक. गावातून शिकून बाहेर पडलेला, पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरूला नोकरी करणारा, आणि ज्याचं गावातलं घर कुलूप लावून पडलेलं आहे असा माणूस. त्याला दर महिन्याला गावाकडे येता येत नाही. गड्यामाणसाला फोन करून घर झाडून घ्यावं तर नीट होत नाही. दलालाने मोबाइलवर काढलेले अंधारे फोटो पाहून लोक भाव पाडतात. तुमचं गिऱ्हाईक हेच आहे. सगळी मेहनत त्याच्यापर्यंत पोचण्यात घाला.

प्रोफाइल: एका संध्याकाळचं काम

नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं बसतात, पण यादीत सुरुवातीचीच दिसतात. तिथे नुसतं 'होम स्टेजर' लिहू नका. काम, जागा आणि कोणासाठी, हे आधी लिहा: 'बंद घरं विक्रीसाठी तयार करून देतो, वरुड-मोर्शी-काटोल'. त्यापुढे तेच इंग्रजीत, कारण बाहेर गेलेली मंडळी शोधतात इंग्रजीतच. ठिकाण तुमच्याच तालुक्याचं ठेवा. मोठं दिसावं म्हणून नागपूर टाकाल तर नागपूरच्या गर्दीत हरवाल.

सेवा देत असल्याची नोंद प्रोफाइलवर मोफत करता येते, ती करा. वरच्या पट्टीवर एकाच खोलीचे आधी-नंतरचे दोन फोटो. कंपनीचं वेगळं पान आता नको. पानाला ओळख नसते, माणसाला असते.

एक इशारा: खातं उघडताना फोनमधले नंबर जोडू का, असं विचारलं जातं. नाही म्हणा. नाहीतर गॅसवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना ओळख जोडण्याच्या (कनेक्शनच्या) विनंत्या जाण्याची सोय होते आणि नको त्या लोकांनी यादी भरते.

फोटो

सकाळी सात ते नऊ किंवा पाचनंतर. विदर्भातल्या दुपारच्या उन्हात खिडकी पांढरीफक येते आणि खोली काळी पडते. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, आणि सगळे दिवे लावून. अतिरुंद लेन्स वापरू नका. भिंती तिरक्या होतात, दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते आणि पाहायला आलेला माणूस फसवल्यासारखा परत जातो. कॅलेंडर, कुटुंबाचे फोटो, भिंतीवरचे हार काढलेले असावेत. 'आधी'चा फोटो त्याच जागेवरून घ्या, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फरशीवर खडूची खूण करून ठेवा.

बंद घराचा दर्शनी भाग, फाटकावरची पाटी, गल्ली, शेजारची ओळखू येणारी इमारत हे कुठेही टाकू नका. घर रिकामं आहे हे तुम्हीच जगाला सांगत असता, आणि चोरालाही ते दिसतं. तालुक्याचं नाव पुरे.

माणूस शोधणं आणि त्याला लिहिणं

सगळं अडतं ते इथे. प्रोफाइल चांगलं, फोटो चांगले, आणि सहा महिने एकही विचारणा नाही, असं होतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं: विनंत्या चुकीच्या माणसांना गेल्या किंवा बरोबर माणसाला चुकीच्या शब्दांत गेल्या.

शोधायची जागा म्हणजे कॉलेजचं पान. लिंक्डइनवर बहुतेक कॉलेजांची पानं आहेत आणि त्यावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा भाग असतो. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी, सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ: तुमच्या भागातली मुलं जिथे शिकायला जात, ते उघडा. शक्यतो कॉम्प्युटरवर, नाहीतर फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून. तिथे आता कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले, अशा गाळण्या (फिल्टर) मिळतात. राहण्याचं ठिकाण पुणे निवडा आणि शोधाच्या चौकटीत तुमच्या तालुक्याचं नाव इंग्रजीत लिहा. तालुक्याच्या नावाने फारसं काही हाती लागत नसेल तर तिथल्या शाळेचं किंवा ज्युनियर कॉलेजचं नाव टाकून पाहा. बरेच जण शिक्षणाच्या यादीत ते लिहितात.

आता वर्षांची गाळणी. १९९५ ते २००८ च्या दरम्यान कॉलेज संपवलेले निवडा. हे लोक आज साधारण चाळीस ते बावन्नचे आहेत, आईवडील सत्तरीच्या पुढे. आईवडिलांना आपल्याकडे आणायचं, गावातलं घर ठेवायचं की काढायचं, ही बोलणी याच वयात घरात सुरू असतात. पंचविशीतल्या मुलाला विनंती पाठवून काही होत नाही, घराचा निर्णय त्याच्या हातात नसतो. मोफत खात्यात महिनाभरात किती शोध घ्यायचे याला मर्यादा असते आणि ती महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा खुली होते, म्हणून नुसतं चाळत बसू नका. सापडलेली नावं वहीत गावावार उतरवून घ्या.

विनंतीसोबतच्या चिठ्ठीला मोफत खात्यात २०० अक्षरं मिळतात, आणि महिन्याला मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे २०० अक्षरांत जेमतेम तीस शब्द बसतात. हा नमुना दीडशेच्या आत बसतो:

'नमस्कार भाऊ. मी वरुडला असतो. बंद घरं विक्रीआधी साफ करून, मांडून, फोटो काढून देतो. कामाचे आधी-नंतरचे फोटो प्रोफाइलवर आहेत. ओळख असावी म्हणून विनंती.'

यात 'तुमचं घर विकायचं आहे का' नाही, हे मुद्दाम. गावातल्या घराबद्दल परक्या माणसाने पहिल्याच वाक्यात विचारलं की समोरचा सावध होतो: याला कोणी सांगितलं, भावाने की शेजाऱ्याने? उत्तर येत नाही आणि वर गावात फोन जातो. पहिल्या चिठ्ठीत आपण कोण आणि काय करतो, एवढंच. आपल्या भागातल्या माणसाला भाऊ किंवा ताई चालतं; पन्नाशीपुढच्याला साहेब लिहा. नुसतं 'हाय' किंवा 'डिअर सर' लिहिलेली विनंती जाहिरातीसारखी दिसते. सगळ्या चिठ्ठ्या एकाच दिवशी उडवू नका. दिवसाला दोन-तीनच पाठवा, आणि प्रत्येकीत त्या माणसाचं गाव बरोबर आहे ना, हे तपासा. मोर्शीच्या माणसाला वरुडचा समजून लिहिलं तर तो पुढे वाचत नाही. चिठ्ठ्यांचा कोटा संपला तर विनंती तशीच पाठवा आणि ती स्वीकारल्यावर संदेश लिहा. जोडलेल्या माणसाला लिहायला अक्षरांची अडचण नसते.

स्वीकारल्यावर त्याच दिवशी दरपत्रक पाठवायचं नाही. दोन-तीन दिवसांनी एक संदेश, सोबत एकाच घराची चार-पाच पानांची पीडीएफ, आणि शेवटी एकच प्रश्न: 'तुमच्या गावाकडे असं कुणाचं घर बंद असेल तर माझा नंबर द्याल का?' 'कुणाचं' हा शब्द ठेवा. ज्याचं स्वतःचं घर आहे तो आपणहून सांगतो, ज्याचं नाही तो मामाचं नाहीतर मित्राचं सांगतो, आणि कुणावर दडपण येत नाही. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण, मग दिवाळीपर्यंत गप्प. तिसरा संदेश पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी विनंती ओळखत नाही म्हणून नाकारली तर लिंक्डइन खात्यावर बंधनं आणतं. पाठवलेली विनंती मागे घेतली तर त्याच माणसाला तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि हे कधीच करू नका: कुणाची आई किंवा वडील गेल्याची पोस्ट पाहून घराबद्दल लिहिणं. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या माणसाकडे जायचंच नाही. गावात ही गोष्ट पसरायला एक दिवस पुरतो, आणि मग तुमचं काम कितीही चांगलं असो, त्या तालुक्यात दार उघडत नाही.

पोस्ट: आठवड्याला एक पुरे

एका पोस्टमध्ये एक खोली, एक अडचण, एक उपाय. 'कवेलूच्या घरातली अंधारी ओसरी. दोन ठिकाणी कवेलूऐवजी पारदर्शक पत्रा, भिंतींना चुन्याचे दोन हात, जुनी बंगई घासून पुन्हा टांगली.' अशी पोस्ट गावातून गेलेला माणूस थांबून वाचतो. पावसाळ्यानंतर भिंतीला आलेली ओल, चौकटीला लागलेली वाळवी, टिनाखालच्या खोलीतला उकाडा, बोअरच्या पाण्याने पांढरे पडलेले नळ: विषय हे आहेत. पहिल्या दोन ओळींतच गावाचं नाव आणि अडचण आली पाहिजे, बाकीचं 'पुढे वाचा' खाली जातं. फोटो एकेक टाकण्याऐवजी पीडीएफ करून टाका, म्हणजे वाचणारा पान उलटत जातो. वाळवीवर नुसता रंग मारून फोटो काढले असतील तर ते पोस्ट करू नका आणि करून देऊही नका. घेणाऱ्याला वाळवी आज ना उद्या सापडतेच.

कधी लिहायचं

बाहेरगावची मंडळी दिवाळीला गावी येतात आणि घराचं बोलणं तेव्हा होतं. म्हणून विनंत्यांचा जोर पोळ्यापासून गणपती उठेपर्यंत ठेवा. पितृपक्षात घराच्या व्यवहाराचं बोलणं बरेच जण टाळतात, तेव्हा पोस्टही साधी ठेवा. दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करा आणि दिवाळीच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटी ठरवा. भाड्याच्या घरांसाठी एप्रिल-मे, कारण शिक्षक आणि बँकवाल्यांच्या बदल्यांचे दिवस ते.

ताडोब्याच्या आसपास मोहर्ली किंवा कोलारा बाजूला काम करत असाल तर होमस्टेवाले हेही चांगलं गिऱ्हाईक आहे आणि ते लिंक्डइनवर असतातही. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद असतो आणि १ ऑक्टोबरला खुला होतो. त्यांना ऑगस्टमध्ये लिहा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिहाल तर त्यांना मांडणीला वेळच उरलेला नसतो.

होकार आल्यावर

तुमच्याशी बोलणारा माणूस घराचा एकटा मालक क्वचितच असतो. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंद), शहरी हद्दीत आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा आणि त्यावरची सगळी नावं वाचा. दोन भाऊ आणि एक बहीण असेल तर तिघांचाही होकार लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप करून त्यात 'घराची सफाई, मांडणी आणि फोटो टाकायला संमती' असं प्रत्येकाने लिहिलं तरी कामाचं आहे. एका भावाच्या शब्दावर फोटो टाकले आणि दुसऱ्याने ते पुण्यात बसून पाहिले, तर भांडण त्यांचं आणि पैसे तुमचे अडकलेले.

दर देताना सफाई, डागडुजी-रंग, भाड्याने आणलेलं सामान आणि फोटो असे चार आकडे वेगळे द्या. विक्रीतल्या टक्क्यांवर काम घेऊ नका. व्यवहार लांबला तर वर्षभर थांबाल, आणि महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री जमवून देणाऱ्याला एजंट म्हणून नोंदणी लागते. आपली मजुरी, आपलं बिल. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, पैसे मागणारी साइट सरकारी नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइलही याच सुमारास उघडा. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. जिल्ह्यातल्या नोंदणीकृत एजंटांची यादी महारेराच्या साइटवर मिळते. त्यांना मात्र लिंक्डइनवर शोधत बसू नका, फोन करा.

काम संपलं आणि मालक खूश असेल तेव्हा, त्याच आठवड्यात, शिफारस मागा. 'दोन शब्द लिहा' म्हटलं की 'उत्तम सेवा, धन्यवाद' एवढंच येतं. त्याऐवजी दोन प्रश्न पाठवा: घर आधी कसं होतं, आणि तुम्हाला गावी न येता काय काय झालं? त्यांची उत्तरं आली की तीच लिंक्डइनवर टाकायला सांगा आणि नंतर गूगलवरही. शिफारशीच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. शिफारशीत गावाचं नाव आलं पाहिजे, एवढा मात्र आग्रह धरा. पुढच्या वेळी त्याच गावचा दुसरा माणूस तुमचं प्रोफाइल उघडेल तेव्हा तो आधी तेच शोधणार आहे.