कमी खर्चातल्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर ठळक छापलेल्या मेमरीच्या आकड्याला भुलू नये. ४ जीबीचे म्हणून मिरवणाऱ्या जीटी ७३० च्या अनेक प्रकारांत संथ डीडीआर३ मेमरी असते आणि नवे गेम त्यावर रखडतात. मदरबोर्ड जुना असेल तर आणखी एक मेख आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरील जोडणीच्या केवळ ४ लेन (डेटाच्या वाटा) वापरत असल्याने तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला डेटा चौथ्या पिढीच्या निम्म्याच वेगाने मिळतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की चित्र अडखळू लागते. अशा बोर्डावर ८ लेन व ८ जीबी मेमरीचे आरएक्स ६६००, सेकंडहँड का होईना, मला अधिक पटते. मात्र त्याला सुमारे १३२ वॉट आणि पॉवर सप्लायमधून येणारी ८ पिनांची वायर लागते. ऑफिसातून निघालेल्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसते, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी कॅबिनेटचे झाकण उघडून पाहावे. वायर नसल्यास हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीवर अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नये, कारण तो तापून वितळू शकतो; त्यापेक्षा स्लॉटमधूनच वीज घेणारे, ७० वॉटचे ६ जीबी आरटीएक्स ३०५० घ्यावे.