बाण भरकटतोय? आधी बोटांवरचे वळ बघा

मे महिन्यात परभणीला साडेआठनंतर मैदानावर उभं राहवत नाही, म्हणून आमचा सराव सकाळी सहाला सुरू होतो. आठला धनुष्यं उतरवली की मी लेकरांना सांगतो, हात पुढं करा. शाळेत नखं तपासायचे तसं. दोरीनं बोटांवर उठवलेला वळ थोडा वेळ टिकतो आणि दोन तासांत काय चुकलं ते त्यावरून कळतं. टॅब, म्हणजे बोटांच्या बचावाला घालायचा चामड्याचा तुकडा, वापरत असाल तर त्या चामड्यावर पडलेली खाच बघा. बाण भरकटला की माणूस वाऱ्याला, बाणाला, चष्म्याच्या नंबराला दोष देतो. तीन बोटांकडं शेवटी लक्ष जातं.

नेहमीच्या पकडीत तर्जनी नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेच्या) वर, मधलं बोट आणि अनामिका खाली. तिन्ही बोटांच्या शेंड्याकडच्या पहिल्या सांध्याच्या घडीत वळ दिसला तर ठीक. मधलं बोट लांब, त्यात दोरी घडीच्या किंचित आत गेली तरी चालतं.

वळ शेंड्यावर

दोरी जेवढी कमी धरू तेवढी चटकन सुटेल, असा समज फार पसरलाय. होतं उलटंच. ३० पाउंडांचं धनुष्य म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास ओढ. टँकरवरून भरलेली बादली नेताना कडी कुणी बोटांच्या शेंड्यांवर धरतं का? कडी बोटांच्या आकड्यात बसते, मनगट सैल राहतं, अंगठ्याला काही काम नसतं. दोरीलाही तसंच धरायचं. शेंड्यांवर धरलेली दोरी निसटेल या भीतीनं पंजा आवळला जातो आणि सोडताना हात मागं जायच्या ऐवजी बाहेर झटकतो. उजव्या हातानं ओढणाऱ्याचे बाण मग बहुधा डावीकडं जातात.

दुसरं टोक म्हणजे मूठ. आमच्याकडची काही पोरं आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जाऊन आलेली, कोयता धरलेली. दोरी हातात आली की त्यांचा हात आपोआप कोयत्यासारखी मूठ वळतो. वळ दुसऱ्या सांध्यापर्यंत जातो, हाताची पाठ फुगते, दोरी बोटांवरून घासत उशिरा सुटते. त्यांना मी ‘मूठ सोड’ म्हणत नाही, कारण मग पंजाच सैल पडतो. ‘हाताची पाठ सपाट ठेव’ म्हटलं की लगेच जमतं.

नॉकच्या दोन्ही बाजूंना लाल डाग

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात उशिरा उमगते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या कडांवर, एकमेकांसमोर, लाल डाग पडतात. कधी फोडही येतो. बाण पडेल म्हणून नॉक दोन बोटांत चिमटीसारखा दाबलेला असतो, आणि नेमका म्हणूनच तो पडतो. ओढ वाढते तशी बोटं वळत जातात, दोरीला पीळ बसतो आणि बाण धनुष्यापासून बाजूला सरकतो. लेकरू मग आणखी दाबतं.

नॉकनं दोरीला स्वतःच धरून ठेवायला हवं. बाण लावा, धनुष्य आडवं धरा, बाण दोरीवरून खाली लोंबू द्या आणि दोरीला टिचकी मारा. हलक्या टिचकीनं सुटला पाहिजे, नुसत्या वजनानं नाही. एवढं जमत असेल तर बोटांना पकडायचं कामच उरत नाही. तर्जनी आणि नॉक यांच्यात बारीक फट ठेवा, मधलं बोटही नॉकला चिकटवू नका. बोटांचा आकडा दोरी ओढायच्या आधीच पक्का करा. ओढता ओढता बोटं वळवू नका. टॅबमध्ये बोटांच्या मधला जाड तुकडा असतो, तो याचसाठी. अडचण वाटते म्हणून काही जण तो कापून टाकतात.

एवढं करूनही डाग येत असेल तर धनुष्याची लांबी बघा. आखूड धनुष्यात पूर्ण ओढीवर दोरीचा कोन तीव्र होतो, बोटं एकमेकांवर दाबली जातात. तिथं लांब धनुष्य घ्या, नाहीतर तिन्ही बोटं नॉकच्या खाली. पण ती पद्धत घेतली की दोरीवरची नॉकची खूण थोडी वर सरकवावी लागते आणि बाण दोरीवर खाली घसरू नये म्हणून त्याच्या खाली दुसरी खूण बांधावी लागते. शिवाय बाण डोळ्याच्या जवळ येतो, म्हणून जुन्याच नेमानं सोडले तर बाण खाली लागतात. दोन दिवसांत ‘हे काही खरं नाही’ म्हणून परत फिरू नका.

अनामिका कोरी

बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंडचा (देशी धनुष्याच्या स्पर्धाप्रकाराचा) सराव करणाऱ्या एका मुलीचे ३० मीटरवरचे बाण कधी वर, कधी खाली लागायचे. हात पुढं केला तर दोन बोटांवर ठसठशीत वळ आणि अनामिका एकदम कोरी. ओढायला सुरुवात तिन्ही बोटांनी व्हायची, पण हनुवटीशी येईपर्यंत अनामिका सुटलेली असायची. तिला आठवडाभर धनुष्य दिलंच नाही. सुताची कडी करून दोन्ही हातांनी ताणायची, अनामिकेवर भार ठेवायचा, एवढंच. धनुष्यावर हा सराव करायचा असेल तर दोरी सावकाश परत आणा. बाणाशिवाय सोडाल तर धनुष्य तडकू शकतं.

आणि अंगठा?

तो तळहाताकडं सैल ठेवा. हे सांगितलं की दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘सर, मग एकलव्याचा अंगठा कशाला मागितला?’ प्रश्न बरोबर आहे. आशियात बऱ्याच ठिकाणी अंगठ्यानं दोरी ओढत, त्यासाठी अंगठ्यात कडंही घालत. आदिपर्वात अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी ओढू लागतो, पण पहिल्यासारखा वेग राहत नाही, असंच म्हटलंय. व्हिडिओ बघून पोरं अंगठ्यानं ओढतात आणि बाण मात्र डावीकडंच ठेवतात. अंगठ्याचा पीळ उलटा बसतो. उजव्या हातानं ओढणाऱ्यानं अशा वेळी बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवायचा असतो.

उन्हाळ्यात घामानं दोरी घसरते. टॅब पुसून टाल्कम लावा, चिकटपट्टी गुंडाळू नका. पट्टीच्या कडेवर दोरी अडकते.

बोटांच्या शेंड्यांना मुंग्या येऊन दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला तर धनुष्य ठेवून द्या. परत धराल तेव्हा पाच-दहा पाउंड कमी ओढीचं घ्या, आणि तरीही बधिरपणा आला तर डॉक्टरांना हात दाखवा.