समाजमाध्यमे आणि घटस्फोट: गणिती प्रारूप कसे मांडावे

समाजमाध्यमांमुळे घटस्फोट वाढतात का, हा प्रश्न जसाच्या तसा गणितात बसत नाही. वैवाहिक आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, किती दराने परिणाम होतो, असे त्याचे रूप आधी करून घ्यावे लागते. साथरोगांसाठी करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये लोकसंख्येचे गट पाडून जी पद्धत मांडली, ती येथे उपयोगी पडते. मात्र घटस्फोट संसर्गाने पसरतो, असे गृहीत धरण्याची घाई करू नये.

जोडप्यांचे तीन गट करावेत: सुस्थितीतील (स), तणावातील (त) आणि घटस्फोटित (घ). ‘स’मधून ‘त’मध्ये जाण्याचा वार्षिक दर ‘क’, समेट होऊन परतण्याचा ‘प’ आणि घटस्फोटाचा ‘ग’ मानल्यास,

त मधील वार्षिक बदल = क×स − प×त − ग×त

समाजमाध्यमांसाठी चौथा गट पाडण्याचा मोह होतो. परंतु वापर ही जोडप्याची अवस्था नसून दर बदलणारा घटक आहे. म्हणून ‘क’च्या जागी क×(१ + म×व) लिहावे. येथे ‘व’ म्हणजे वापर करणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण आणि ‘म’ म्हणजे त्या वापराचा जोर.

काल्पनिक आकडे घालून पाहू. स ८००, त २००, क ०.०५, प ०.१५ आणि ग ०.१० असल्यास वर्षभरात ४० जोडपी तणावात येतात, ३० सावरतात, २० विभक्त होतात आणि ‘त’ १९० उरतो. म ०.४ आणि व ०.५ धरल्यास ४० ऐवजी ४८ जोडपी येतात, ‘त’ १९८ होतो. पण त्या वर्षीचे घटस्फोट २० च राहतात आणि पुढील वर्षी १९ ऐवजी १९.८ होतात. परिणाम उशिरा आणि विरळ होऊन दिसतो, हे आकडेवारी वाचताना विसरू नये.

खरी अडचण ‘म’ची किंमत ठरवण्यात आहे. अमेरिकेतील राज्यांच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीवर आधारलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेसबुकचा प्रसार आणि घटस्फोटांचे प्रमाण यांत सहसंबंध आढळला. पण त्याच देशातील घटस्फोटांचा दर १९८० च्या सुमारास, म्हणजे फेसबुकच्या कितीतरी आधी, शिखरावर होता आणि नंतर घसरत गेला. शिवाय घरात अबोला असणारी व्यक्ती फोनमध्ये अधिक रमते, म्हणजे ‘त’ वाढल्यामुळेही ‘व’ वाढतो. त्यामुळे एकाच जोडप्यांची अनेक वर्षांची माहिती घ्यावी आणि प्रारूप एकदा ‘म’ शून्य ठेवून, एकदा मोकळा ठेवून, म्हणजे त्याची किंमत माहितीवरूनच ठरू देऊन, चालवावे. दोन्ही वेळा प्रारूपाचे आकडे प्रत्यक्ष माहितीशी सारखेच जुळले, तर ‘म’ वगळावा.