पुरळ, डोळ्यांची आग आणि सनस्क्रीन : माझा अनुभव

परभणीजवळच्या खेड्यात मी शिक्षिका आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटते ती ऐन उन्हात, आणि स्कुटीवर घरी येईपर्यंत चेहरा तव्यासारखा तापतो. मागच्या वर्षी एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा) ५० चं महागडं सनस्क्रीन घेतलं. आठवड्यात गालांवर बारीक पुरळ आलं. घाम ओघळला की डोळ्यांची अशी आग व्हायची, की गाडी बाजूला लावून पाणी मारावं लागे.

मग एका रात्री ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. ॲव्होबेन्झोन, म्हणजे ऊन अडवणारं एक रसायन, जे डोळ्यांत गेलं की बऱ्याच जणांना झोंबतं; सुगंध; शिवाय खोबरेल तेल. माझी त्वचा मुळातच तेलकट.

नवीन घेताना आकड्यामागे धावले नाही. एसपीएफ ३० उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. त्वचेत खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ट्यूबवर ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं बघायची; मी चार चिन्हांचं, ॲव्होबेन्झोनऐवजी झिंक ऑक्साइडचं, बिनसुगंधी निवडलं. आधी तीन दिवस कानामागे लावून पाहिलं.

मोठी चूक मात्र प्रमाणाची होती. मी वाटाण्याएवढंच लावायचे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतंच. झिंकचा पांढरट थर सावळ्या रंगावर उठून दिसतो, म्हणून एकदम न लावता दोनदा थोडं थोडं लावते. शाळा सुटायच्या आधी पुन्हा एकदा, वर स्कार्फ.

तीन आठवड्यांत पुरळ बसलं. ट्यूब पर्समध्येच ठेवते. डिक्कीत तापून ती खराब होते.