स्वतःच्या बोटांनी नाडी शोधत रक्ताचा रस्ता समजून घ्या

रक्ताभिसरणाचं ते लाल-निळं चित्र परीक्षेपुरतं पाठ होतं आणि मग डोक्यातून पार जातं. मला विचाराल तर मुख्य धमन्या शिकायच्या असतील तर चित्र जरा बाजूला ठेवा आणि हृदयापासून निघून एकेक धमनी स्वतःच्या अंगावर शोधत जा, ठोका एकदा बोटाला लागला की ती जागा सहसा विसरत नाही.

आधी पाच मिनिटं शांत बसा. तर्जनी आणि मधलं बोट वापरा, अंगठा नको, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते आणि आपण नेमकं काय मोजतोय तेच कळत नाही. हलकं दाबा, जोर लावला तर धमनीच दबते आणि ठोका गायब होतो.

सुरुवात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून. बसल्याजागी प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिली रक्त इथून महाधमनीत जातं. तिच्या अगदी पहिल्या फांद्या म्हणजे कोरोनरी, त्या खुद्द हृदयाच्या स्नायूलाच रक्त देतात, म्हणून तिथे ब्लॉकेज झालं की हार्ट अटॅक. पुढे महाधमनी कमानीसारखी वळते आणि त्या वळणावर बहुतेकांत तीन फांद्या फुटतात. गंमत बघा, उजवीकडे एकच खोड निघून त्याची मान आणि हात अशी वाटणी होते, डावीकडे मात्र दोन्ही धमन्या वेगवेगळ्या निघतात.

आता मान. कंठमण्यावर बोट ठेवून बाजूला सरकवा, स्नायूच्या आधी एक खोबण लागते, तिथे कॅरोटिड धमनी ठणठण लागते. एका वेळी एकच बाजू दाबायची, दोन्ही कधीच नाही, आणि चोळायचं तर अजिबात नाही. तिथे रक्तदाब ओळखणारी यंत्रणा आहे, ती दाबली गेली तर हृदयाची गती उतरून चक्कर येऊ शकते. वयस्कर माणसांनी किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांनी मानेचा नाद सोडून थेट मनगटाकडे जावं. कॅरोटिडची एक फांदी मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे, आणि ह्या दुसरीचंच टोक कानाच्या अगदी पुढे कानशिलाजवळ बोटाला लागतं.

हाताची धमनी गळपट्टीच्या हाडाखालून काखेत आणि तिथून दंडात उतरते. तळहात वर करून हात सरळ ठेवा, कोपराच्या घडीत करंगळीच्या बाजूला चाचपा, बीपी मोजताना स्टेथोस्कोप ठेवतात तीच ही जागा. कोपराखाली तिच्या दोन होतात, अंगठ्याच्या बाजूची रेडियल, जिच्यावर आपण नेहमी नाडी बघतो, आणि करंगळीच्या बाजूची अल्नर, ती जरा खोल असते. आता हे करून बघाच: मूठ घट्ट आवळा, दुसऱ्या हाताने मनगटावर ह्या दोन्ही धमन्या दाबून धरा, मूठ सैल सोडा. तळवा फिका दिसेल. फक्त अल्नर सोडा, काही सेकंदांत रंग परत येतो, म्हणजे तळव्यात दोन्ही धमन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत हे डोळ्यांनी दिसतं.

खाली जाणारी महाधमनी मणक्याच्या पुढून पोटात येते, जठर, यकृत, आतडी, मूत्रपिंडं ह्यांना रक्त देते (बसल्याजागी एकूण रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग एकट्या मूत्रपिंडांकडे जातो) आणि बेंबीच्या आसपास दुभागते, दोन पायांसाठी दोन. जांघेच्या मधोमध फिमोरल, म्हणजे मांडीची धमनी, जोरात लागते. गुडघ्यामागची शोधायला अवघड आहे, गुडघा थोडा वाकवून दोन्ही हातांची बोटं खोल दाबावी लागतात, नाही सापडली तर नाराज होऊ नका. घोट्याच्या आतल्या हाडामागे एक असते आणि पायाचा अंगठा वर उचलला की जो दोरीसारखा स्नायूबंध ताणला जातो त्याच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या वरच्या बाजूला, शेवटची. ही शेवटची काही निरोगी माणसांतही लागत नाही. पण पाऊल गार पडतंय, चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की बरं वाटतं असं असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

मान आणि मनगट एकाच वेळी धरून बघा, मनगटाचा ठोका किंचित मागून येतो. हा ठोका म्हणजे दाबाची लाट, ती सेकंदाला कित्येक मीटर धावते, रक्त स्वतः त्यामानाने बरंच सावकाश सरकतं.

परतीच्या वाटेवर नाडी लागत नाही, तिथे दुसरी युक्ती. नख दाबून सोडा, पांढरं झालेलं साधारण दोन सेकंदांत गुलाबी होतं, त्या केशवाहिन्या, धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्या. इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे मांडलं पण धमनीतून शिरेत ते जातं कुठून हे त्याला दिसलं नव्हतं, ते १६६१ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ मालपिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिलं. हार्वेचा शिरेचा प्रयोग मात्र आपल्यालाही जमतो: हात खाली सोडून शिरा फुगू द्या, एका शिरेवर मनगटाकडच्या टोकाला बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने कोपराकडे रक्त सारा आणि ते दुसरं बोट उचला. झडपेपर्यंतची शीर रिकामीच राहते. पहिलं बोट उचललं की खालून लगेच भरते.

पायातून वर चढवायला ह्याच झडपा आणि पोटरीचे स्नायू कामाला येतात, म्हणून फार वेळ एका जागी बसलात तर मधेमधे पावलं हलवा. मग दोन महाशिरांतून सगळं हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात. फुप्फुसाकडे नेणारी धमनीच, पण तिच्यातलं रक्त कमी ऑक्सिजनचं असतं, त्यामुळे धमनी म्हणजे शुद्ध रक्त असं घोकलं असेल तर ते खोडा आणि धमनी म्हणजे हृदयापासून लांब नेणारी एवढंच धरा. ऑक्सिजन घेऊन रक्त डावीकडे येतं. मोठ्या माणसात रक्त साधारण पाच लिटर आणि बसल्याजागी हृदय मिनिटाला जवळजवळ तेवढंच ढकलतं, म्हणजे सरासरी एका मिनिटात एक फेरी.